खारवणची कुर्ली

माझी धाकटी नणंद सुगंधा हिचं लग्न ठरलं आणि मध्येच अडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. साल चौऱ्याहत्तर, गाव खारवण. सुगंधाला वेंगुर्ल्याला द्यायची होती, सुपारी फुटली होती. माघातल्या एका सकाळी मुलाचे मामा आमच्या ओट्यावर बसून माझ्या नवऱ्याला सांगत होते, "जगन्नाथा, पोरीविषयी आमचा काय म्हणणा नाय. पण तुझो थोरलो भाव आसा की नाय, ह्या आदी ठरव. आसलो तर कन्यादान तो करतलो. नसलो तर त्याचा जा काय करूचा ता करून घे. असो अर्धवट कारभार आमच्या मांडवात नको."

मी चहा घेऊन उंबऱ्यातच थांबले. आत चुलीपाशी माझी थोरली जाऊ भामावयनी कुर्ल्या साफ करत होती. कुर्ली म्हणजे खेकडा. आधी पाय मोडायचे, मग मागच्या बाजूने अंगठा घालायचा आणि पाठीचं झाकण उचलायचं. मामांचं बोलणं तिला सगळं ऐकू येत होतं. तिचा हात थांबला नाही.

थोरला भाऊ म्हणजे तिचा नवरा, दामूभावजी. दोन वर्षांपूर्वी ते पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन पलीकडच्या खडकावर मासे मारायला गेले आणि परत आले नाहीत. खडकावर त्यांचा शर्ट होता, नीट घडी केलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर धोंडा ठेवलेला. पाग बाजूला. दर्या त्या दिवशी तळ्यासारखा शांत होता. होड्या घेऊन माणसांनी चार दिवस शोधलं, अंग काही लागलं नाही. अशा माणसाचा आमच्याकडे दर्भाचा पुतळा करतात आणि तो जाळून दिवस घालतात. पण बायकोने हो म्हटल्याशिवाय पुतळ्याला हात कोण लावणार? आणि वयनी हो म्हणत नव्हती. कुंकू लावत होती, शर्ट ट्रंकेत ठेवला होता. चैत्रात हळदीकुंकवाला गेली की कुंकवाची कोयरी घेऊन फिरणारी बाई हिच्यासमोर येऊन अडखळायची. लावू की पुढे जाऊ? मग वयनीच म्हणायची, "जा गो फुडे, माका घाई नाय."

मामा गेले. जगन्नाथ आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. वयनी म्हणाली, "भावजी, माका कळता. पण मेले म्हणान मी खंयच्या तोंडान सांगू? मी बघूक नाय."

त्याच दिवशी दुपारी शाळेचे धुरी गुरुजी आले. त्यांच्याबरोबर एक बाई होती. पँट घातलेली, डोक्याला रुमाल, खांद्याला झोळी. आमच्या वाडीत पँट घातलेली बाई पहिल्यांदाच आली असेल. मागे पोरांची रांग.

"द्वारका," गुरुजी मला म्हणाले, "ह्या उल्का पोतनीस. पुण्याहून आल्यात, कॉलेजातून. शाळेमागची विहीर आपण खोल केली ना, तिच्यातून निघालेले दगडाचे गोळे बघायला. आठ-पंधरा दिवस राहतील. तुझी पडवी मोकळी आहे."

"दगड बघूक पुण्यासून?" जगन्नाथ म्हणाला.

बाईने झोळीतून एक फडकं काढलं आणि ओट्यावर उलगडलं. आत नारळाएवढा काळपट गोळा होता, एका बाजूने फुटलेला. फुटल्या जागी कुर्लीची पाठ दिसत होती. चितारलेली नाही, कोरलेली नाही, खरीच कुर्ली. डोळ्यांच्या खोबणी, कडेचे दाते, पाठीवरचे बारीक दाणेसुद्धा. फक्त दगडाची.

जांभा फोडून विहीर खाली गेली तेव्हा निळी-काळी चिकणमाती लागली होती, तिच्यातून असे गोळे निघाले होते. खणणाऱ्यांनी ते काठावर टाकले. पोरांनी एक आपटला आणि आतून ही निघाली.

वयनी हात पुसत बाहेर आली. वाकून बघितलं. "ह्या धोंड्यात ही शिरली खंयसून?"

"शिरली नाही," उल्काताई म्हणाल्या. "चिखलात पुरली गेली. मग चिखलाचाच दगड झाला. कोटीभर वर्षं तरी झाली असतील."

"कोटी म्हणजे किती गो?" वयनीने मला विचारलं.

"माका काय विचारतंस? माका शंभराच्या फुडला काय येना नाय."

जगन्नाथ म्हणाला, "म्हणजे रांधूक जरा उशीरच झालो." उल्काताई हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून आमची भीड गेली.

त्यांना आमच्याकडून काम हवं होतं. आमच्या दर्यात, खाडीत, खडकात जेवढ्या जातीच्या कुर्ल्या मिळतात, त्यातली एकेक नर आणि एकेक मादी आणून द्यायची. मी आणि वयनी कुर्ल्या विकूनच घर चालवत होतो, त्यामुळे काम नवीन नव्हतं. खाडीतली मोठी काळी, पाठीवर तीन ठिपके असलेली दर्यातली, खडकाच्या फटीतली तांबडी, वाळूत पळणारी पांढरी, जी आम्ही खात नाही ती केसाळ. उल्काताई त्यांचं मांस काढून कवचं उन्हात वाळवायच्या आणि दगडातल्या कुर्लीशेजारी ठेवून भिंगातून बघत बसायच्या. मांस आमच्या कालवणात. जगन्नाथ म्हणायचा, "आमी मास खातो नि कवच टाकतो. ह्या बायचा सगळा उलटा." मांजर दिवसभर पडवीतून हलत नव्हतं.

वयनीला आधी त्यात काही वाटत नव्हतं. मग एका दुपारी तिने विचारलं, "ताई, तुमी नेमका बघतास तरी काय?"

"ही कोण आहे ते बघतेय."

"कुर्ली आसा."

"तुमच्या गावात नवा माणूस आला तर तुम्ही त्याला 'माणूस आहे' म्हणून सोडून देता का? काय विचारता?"

"खंयचो, कोणाचो, आडनाव काय."

"मग तसंच. ही कुठल्या घराण्यातली, त्यात कुठल्या घरातली, आणि मग हिचं स्वतःचं नाव. पुण्याला आमचे सर आहेत, त्यांनी चित्र बघून सांगितलं, ही आपली खाडीतली काळी कुर्लीच, जुनी झालेली. मला तसं वाटत नाही. काळीच्या कडेला दाते बघा किती आहेत, आणि हिच्या बघा. हिचे थोडे आणि रुंद."

वयनीने काळी कुर्ली उचलली, दगडाशेजारी धरली. दोन्हींवरून बोट फिरवलं. "दाते वायले आसत. पण माझ्या भयणीचे दात नि माझे दात पण वायले. घराणा एकच." वायले म्हणजे वेगळे.

"अगदी हेच सर म्हणतात," उल्काताई म्हणाल्या. "नुसत्या पाठीवरून भांडता येत नाही. पोट बघायला हवं. पोटाखालची पट्टी, तिचे जोड, पायांच्या मधलं कवच. घराणं तिथे कळतं. आणि पोट दगडात."

त्या रोज सुईने आणि ब्रशाने दगड कोरत असत. दिवसभर बसून चिमूटभर भुकटी निघायची. जोरात काही करायला त्यांना भीती वाटत होती, कारण विहिरीतून निघालेल्या सगळ्या गोळ्यांत अशी धड कुर्ली ही एकच होती. बाकीच्यांत नांग्यांचे तुकडे. ही फुटली की त्यांचं पुण्याचं तीन वर्षांचं काम फुटलं, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

आता वयनीच रोज दुपारी तिथे जाऊन बसायला लागली. जाळं विणायला घेऊन बसायची, पण नजर दगडावर. प्रश्न विचारायची. उल्काताईंनी एकदा 'नामशेष' हा शब्द वापरला, तर म्हणाली, "म्हणजे काय?"

"म्हणजे ह्या जातीची जिवंत कुर्ली आज जगात कुठेही नाही. सगळी संपली."

"ह्या तुमका कसा कळला? सगळो दर्या बघितलास?"

उल्काताईंनी सुई खाली ठेवली. "नाही बघितला. कुणीच बघितलेला नाही. जेवढं बघितलंय त्यावरून म्हणायचं."

"नि उद्या कोणाच्या जाळ्यात गावली तर?"

"तर शब्द मागे घ्यायचा. त्यात लाज नाही."

"पण तवसर म्हणूचा."

"तोवर म्हणायचं. नाहीतर कुठलंच काम पुढे जाणार नाही."

वयनीने पुन्हा जाळं विणायला घेतलं. मला वाटलं, तिला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती खाडीकाठच्या खाजणात गेली आणि येताना एक कवच घेऊन आली. कुर्ली मोठी होते तेव्हा जुनं कवच सोडते, नांग्या, पाय, डोळ्यांच्या टोप्यांसकट. बघणाऱ्याला वाटावं मेलेली कुर्लीच पडली आहे, पण उचललं तर हाताला वजन लागत नाही. वयनीने ते पडवीत ठेवलं आणि विचारलं, "ताई, तुमची ती दगडातली. ती मेलेली आसा की हेच्यासारखी, कवच सोडून गेलेली?"

उल्काताई एकदम सरळ बसल्या. "हाच तर प्रश्न आहे. आम्हाला दगडात मिळतात त्यातली बरीचशी नुसती कवचं असतात. आत कुणी नसतंच."

"मग कळता कसा?"

त्यांनी वयनीने आणलेलं कवच उलटं धरून मागची बाजू दाखवली. पाठीचं झाकण मागून वर उचललेलं होतं, पेटीचं उघडं राहावं तसं. "हे बघा, इथून मागच्या मागे बाहेर पडते. सोडलेल्या कवचाचं झाकण मागून उघडं असतं. मेलेलीचं बंद असतं. माझ्या कुर्लीची नेमकी मागचीच बाजू दगडात आहे."

"ती कदी दिसतली?"

"पुण्याला नेऊन हळूहळू साफ करावी लागेल. पावसाळा येईल. परवाच्या एसटीने निघते मी."

"पावसाळो," वयनी म्हणाली, आणि उघड्या झाकणात बोट घालून ते वरखाली करत राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी उल्काताई दुपारी न्हाणीत होत्या. आम्ही दोघी पडवीतच कुर्ल्या साफ करायला बसलो होतो, कारण आत धूर झाला होता. वयनीच्या पुढ्यात टोपली, बाजूला कोयती. शेवटची कुर्ली मोडून झाली. तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि खांबापाशी फडक्यावर ठेवलेला तो दगड उचलून मांडीवर घेतला.

"वयनी, ता ठेव गो," मी म्हटलं.

"बघतंय नुसता."

तिने कोयती घेतली आणि तिच्या पाठीने दगडाच्या कडेवर टकटक केलं. हलकंच, शहाळं पाणीदार आहे की नाही ते बघावं तसं. मग दगड थोडा फिरवून पुन्हा. मी उठेपर्यंत तिसरा ठोका पडला होता. दगडाला केसासारखी भेग गेली. कोयती टाकून तिने आमच्या रोजच्या सवयीने डाव्या हातात कुर्ली धरली, उजवा अंगठा मागच्या बाजूला घातला आणि झाकण उचलायला जोर केला.

झाकण उचललं गेलं नाही. दगडातून अख्खी कुर्लीच सुटली, करवंटीतून सुकं खोबरं सुटावं तशी, आणि तिच्या ओटीत पडली.

उल्काताई न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. केस ओले, टॉवेल हातात. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाय किती मोडले?"

"दोन," मी सांगितलं.

"मी इतके दिवस सुईने कोरत होते, भामाताई."

वयनीने ओटी तशीच धरून ठेवली होती. उल्काताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. दोन्ही हातांनी कुर्ली उचलली. उलटी केली. मग मला म्हणाल्या, "भिंग द्या."

मी भिंग दिलं. त्या बघत राहिल्या. केसांचं पाणी टपटप जमिनीवर पडत होतं. मधे एकदा त्यांनी काळी कुर्ली मागितली, मी वाळवलेल्या कवचांतून एक दिलं. मग ठिपक्यांची मागितली. मग केसाळ. एकेक शेजारी धरून बाजूला ठेवली.

"नर आहे," त्या म्हणाल्या. "पट्टी अरुंद. आणि हे जोड बघा, इथले दोन एकमेकांत मिसळलेत. काळीत असं नसतं. तुम्ही आणलेल्यांपैकी कुणातच नाही." त्यांचा आवाज हळूहळू बदलला. "ही काळी नाही. हिच्या घराण्यातलीही नाही. द्वारकाताई, ही कुणाचीच नाही. वेगळीच आहे."

"म्हणजे बरा झाला की वायट?" मी विचारलं.

"सरांना कळवते तेव्हा बघू. बरं झालं असं वाटतंय." आणि त्या हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसले.

वयनी हसली नाही. तिने विचारलं, "झाकण?"

उल्काताईंनी कुर्ली फिरवली. मागची बाजू आता स्वच्छ दिसत होती. त्यांनी तिथे नख फिरवलं. "बंद. एकदम बंद. आता मोडले ते दोन सोडले तर सगळे पाय जागच्या जागी, नांग्या मिटलेल्या. हे सोडलेलं कवच नाही. ही मेलेली आहे. अचानक चिखल आला असणार वरून."

"खंय गेलेली नाय."

"कुठे जाणार? इथेच होती."

"नि कवच असता, तर तुमी नाव दिला असतास?"

"कठीण होतं. सोडलेल्या कवचात बरंच काही हरवलेलं असतं, खात्रीने सांगता येत नाही. आम्ही 'बहुधा अमुक' असं म्हणून ठेवून देतो. ही पुरती हाती लागली, म्हणून हिला घर मिळालं."

वयनी उठली. पदर झटकला, त्यातून दगडाचा चुरा पडला. कुर्ल्यांची टोपली घेऊन आत गेली. थोड्या वेळाने पाट्यावर वाटणाचा आवाज सुरू झाला.

संध्याकाळी जेवताना ती जगन्नाथला वाढत होती. भात वाढला, कालवण वाढलं, आणि म्हणाली, "भावजी, उद्या भटाकडे जावन येवा. पुतळो करूया."

जगन्नाथचा घास हातातच राहिला. सुगंधा आत चुलीपाशी होती, ती तिथेच रडायला लागली. उल्काताईंना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नंतर सांगते असं. पण सांगितलं नाही. सकाळी त्या एसटीत बसल्या तेव्हा कुर्ली वयनीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली त्यांच्या मांडीवर होती. वयनी खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "नाव काय ठेवलास ता कळवा."

आठवड्याने दर्यावर पुतळा जाळला. दर्भावर वयनीने स्वतः तो शर्ट पांघरला. कोणी तरी म्हणालं, शर्ट नवीनच आहे, ठेव. तिने ऐकलं नाही. कुंकू तिने आधीच पुसलं होतं, बांगड्या कोणाला फोडू दिल्या नाहीत, काढून सुगंधाच्या हातात दिल्या. वैशाखात सुगंधाचं लग्न झालं. कन्यादान जगन्नाथने केलं. वयनी मांडवाच्या मागे, विधवा बायका बसतात तिथे बसली होती, भिंतीला पाठ लावून. तिथून ती सगळ्यांना हुकूम सोडत होती. मी तिला इतकी निवांत बसलेली बऱ्याच दिवसांनी बघत होते.

पुढल्या वर्षी उल्काताईंनी शाळेला एक लाकडी पेटी पाठवली. आत आमच्या कुर्लीची प्लास्टरची हुबेहूब प्रत होती. खरी पुण्यात. सरांनी मानलं होतं. गुरुजी म्हणाले, कुर्लीला गावाचं नाव दिलंय, शेवटी परदेशी शेपूट लावून. वयनी म्हणाली, "गावाचा नाव? बरा झाला. आता कोण खंयची म्हणान विचारूचो नाय."

ह्यानंतरचं सांगायचं ते थोडं आहे. सत्याऐंशीच्या सुमारास सुगंधाचा नवरा ट्रॉलरवर होता. तो एकदा वास्कोला लागला आणि परत आला तो सरळ आमच्याकडेच. त्याने सांगितलं, दामूभावजी वास्कोच्या बंदरात बार्जवर काम करत होते. आदल्या वर्षी तिथल्या इस्पितळात वारले. बरोबरच्या खलाशांनी क्रिया केली. का गेले, कोणापाशी राहिले, हे त्याला कळलं नाही. आम्हाला वाटलं, वयनी कोसळेल. तिने ऐकून घेतलं, आणि त्याला विचारलं, "चाय घेतलंस?"

त्यावर ती काही बोलली ती आणखी चार-पाच वर्षांनी. जिल्ह्यात प्रौढांना शिकवायचे वर्ग निघाले होते. मी पन्नाशी ओलांडून पाटी हातात घेतली. वर्ग शाळेतच दुपारचा भरायचा, वयनी मला सोबत म्हणून यायची, शिकायला मात्र तयार नव्हती. कपाटाच्या काचेमागे ती पेटी होती. एके दिवशी मी तिच्यासमोर उभी राहून एकेक अक्षर लावत खालची चिठ्ठी वाचली. "खा-र-व-ण-ची कुर्ली. नर. ना-म-शे-ष."

"मेलेली म्हणान लिवलाहा?" वयनीने मागून विचारलं.

"नाय. नामशेष."

"ता वायला." ती बाकावर बसली. "द्वारका, तुका एक सांगू? त्या दिवशी खडकार शर्ट होतो, पाग होती. चपला नव्हत्यो. घराक येवन बघितलंय तर दांडयेवरचो निळो शर्टही नव्हतो."

मी पाटी खाली ठेवली. "म्हणजे तुका म्हायत होता? पयल्या दिसापासून?"

"मगे? तेच्यासाठीच तर मेले म्हणाक तोंड उघडत नव्हता."

"मग पुतळो कित्याक जाळूक दिलंस?"

"सुगंधाचा लगीन होवचा होता." ती काचेकडे बघत होती. "नि माका खंयतरी बसाक जागा होयी होती गो. दोन वर्सा उभीच होतंय."

दामोदर लक्ष्मण कुबल, माझे थोरले दीर, वास्कोच्या इस्पितळात फेब्रुवारी एकोणीसशे शहाऐंशीमध्ये वारले. भामावयनी दोन हजार तीनच्या आषाढात, दुपारी, आमच्याच पडवीत गेली.